खोली रिकामी नाही

वारा सुटला तेव्हा गोदामावरची माणसं जेवायला बसली होती. आधी धूळ आली, मग पालापाचोळा, आणि मग मालकाच्या गोदामाचे पत्रे खिळ्यांसकट उपटून शेजारच्या शेतात जाऊन आदळले. हमालांनी हातातला घास ठेवला आणि ते धावले. आत मक्याची पोती पार वरपर्यंत रचलेली होती. आता छताच्या जागी नुसतं आभाळ होतं आणि तेही काळवंडत चाललेलं.

सगळी दुपार ताडपत्र्या ओढण्यात गेली. वारा ताडपत्रीखाली शिरायचा, ती फुगायची आणि दोर धरलेली माणसं तिच्याबरोबर फरफटायची. दोरानं तळहात सोलले. पाऊस मात्र चार थेंब टाकून पुढे गेला.

"आज गेला," मुकादम म्हणाला. "उद्या जाईलच असं नाही."

त्यानंतर रोज तेच व्हायला लागलं. सकाळ कोरडी, ऊन भाजून काढणारं, आणि दुपार कलली की ढग. नवे पत्रे शहरातून यायचे होते, ते येईनात. मका भिजला तर बुरशी धरणार आणि बुरशी धरली की घेणारा पाठ फिरवणार. मालक जीपमधून उतरला की आधी वर बघायचा आणि मग माणसांवर ओरडायचा.

पैलवान त्या हमालांपैकी एक. अंगानं काटकुळा, गालफडं बसलेली. पण पोतं पाठीवर घेतलं की मध्ये कुठं टेकायचा नाही, म्हणून मुकादमानं थट्टेनं हे नाव ठेवलं होतं. थट्टा विरली, नाव चिकटलं. त्याची बायको तिथंच गोदामाच्या दाराशी फाटकी पोती शिवायला बसायची. दाभण ओढून ओढून तिच्या बोटांची पेरं लाकडासारखी झाली होती. दोघांना दोन मुली. थोरली नववीत, धाकटी तिसरीत. दोघी गावाच्या टोकाला असलेल्या शाळेत जायच्या.

त्या शाळेत संगणकाची एक खोली होती. शाळेतली सगळ्यात चांगली खोली तीच. सिमेंटची सपाट जमीन, जाळीच्या खिडक्या, न गळणारं छत. संगणक शिकवायला एक बाई होत्या, त्या कराराच्या. करार संपला तशा त्या गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. यंत्रांवर कापडं पडली, कापडांवर धूळ पडली.

थोरली एक दिवस मोठ्या सरांच्या खोलीत गेली. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. निवृत्तीला आलेले, कशातच हात घालायला नको असलेले.

"सर, खालच्या वर्गांना संगणक आम्ही शिकवू का? बाईंनी आम्हाला शिकवलंय."

सरांनी पंख्याकडे बघितलं. "मोडलं तर?"

"बाई असताना काही मोडलं नाही."

"बाई बाई होत्या."

"मग आम्ही मोडलं तर आम्हाला शाळेतून काढा."

सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "हात धुऊन जात जा." थोरलीनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

दुपारची जेवणाची सुट्टी झाली की नववीतली पोरं तिसरी-चौथीच्या पोरांना घेऊन बसायला लागली. थोरलीच्या जोडीला शिंप्याचा मुलगा होता. जाड चष्म्यामुळं सगळे त्याला ढापण्या म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याचं डोकं सगळ्यांत तल्लख, पण धीर अजिबात नाही. बारकं पोर माऊस टेबलावरून उचलून हवेत फिरवायला लागलं की हा कपाळावर हात मारायचा, त्याच्या हातातून माऊस हिसकायचा आणि स्वतःच सगळं करून मोकळा व्हायचा. पोर बघत राहायचं.

"असं नको करूस," थोरली म्हणाली.

"मग काय संध्याकाळपर्यंत बसू?"

"बस. पण हात पाठीमागे बांधून बस. तोंडानं सांग. तुझ्या हातानं त्याला काय येणार आहे?"

ढापण्या दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि तोंडानं सांगता सांगता त्याला घाम फुटला.

धाकटी पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पळायची वेळ आली तर बरं म्हणून. "याला करंट नाही ना येत?" तिनं विचारलं. तापलेल्या भांड्याला लावावं तसं एक बोट तिनं कळफलकावरच्या बटणाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं होतं. तिनं बोट बघितलं, पडदा बघितला.

"मी हात काढला तरी राहिलं," ती म्हणाली.

"राहणारच. आता दुसरं."

अशी खोली चालू झाली होती आणि असाच तिसरीचा वर्ग चालू असताना एका दुपारी मालक तिथं आला. तो शाळा समितीचा अध्यक्षही होता. मागे मुकादम आणि त्याच्या मागे मोठे सर.

मालकानं खोली बघितली, पोरं बघितली नाहीत. भिंतीवर तळहात फिरवला. छत निरखलं. बुटाच्या टाचेनं जमीन ठोकली.

"ओल नाही," तो मुकादमाला म्हणाला. "यंत्रं कोपऱ्यात सरकवली तर अर्धं गोदाम बसेल इथं." मग सरांकडे वळला. "शिकवायला मास्तर आहे का सध्या?"

"सध्या नाही. मागणी केलेली आहे."

"मग खोली रिकामीच आहे की."

"खोली रिकामी नाही," थोरली म्हणाली.

ती जोरात बोलली नव्हती, पण पोरांची टकटक थांबली. मालकानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही कोण?"

"पैलवानाची," मुकादम म्हणाला.

"अस्सं. म्हणजे आमच्याच पोत्यांवर वाढलेली." मालक हसला, मग मुकादम हसला. "काय शिकवतेस गं?"

"टायपिंग. तिसरीला."

"आणि तुला कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

"बाई कुठायत?"

"गेल्या."

"मग तूही जा सुट्टीवर. पाऊसपाणी संपलं की हवं तेवढं शिकव. कोण नको म्हणतंय?" त्यानं घाम पुसला. "जरा पाणी आण बघू प्यायला."

थोरलीनं सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. ती गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. मालक उभ्याउभ्या प्यायला आणि रिकामा पेला त्यानं जवळच्या संगणकाच्या डोक्यावर ठेवून दिला. ढापण्या पुढे आला. काही न बोलता त्यानं पेला उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि यंत्रावर उमटलेलं ओलं वर्तुळ स्वतःच्या सदऱ्यानं पुसून काढलं.

मालकाचं हसू तेवढं गेलं. "परवा पोती येतील," तो म्हणाला आणि निघाला.

संध्याकाळी बाप घरी येऊन पालथा पडला. आई गरम पाण्यात फडकं बुडवून त्याचे खांदे शेकत होती. पोत्याच्या काठांनी खांद्याची कातडी घासून लाल झाली होती; फडकं लागलं की तो दात आवळायचा.

"मुकादमानं आज सगळ्यांसमोर मला हात जोडले," तो जमिनीकडे तोंड करून म्हणाला. "म्हणाला, मास्तरणीच्या बापाला पोतं उचल म्हणायची लाज वाटते. सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?"

थोरली भांडी घासत होती. "मी खोटं बोलले का?"

"खऱ्याखोट्याचं कुणी विचारलंय? मका भिजला तर घरोघरी चुली थंड होतील. ते कळतं का तुला?"

"कळतं. भिजू नये असं मलाही वाटतं. पण मालकांचा नवा बंगला बांधून उभा आहे. राहायला अजून कुणी गेलेलं नाही. पोती तिथं का नाही ठेवत?"

बाप वळायला गेला, पाठीतून कळ आली, तसाच पडून राहिला. "तिथं गुळगुळीत फरशी आहे. चरे पडतील."

"आणि आमच्या खोलीत?"

"तुमची खोली कधीपासून झाली?" आई म्हणाली. तिनं फडकं पिळलं. "पोटाला घालणारी खोली कुठली ते आधी बघ. मग तोंड उघड."

"माझं नाव अजून पूर्ण झालं नाही," धाकटी म्हणाली. "जोडाक्षर राहिलंय."

थोरलीनं हात धुतले आणि ओल्या हातांनी ती बापासमोर येऊन बसली.

"पोती तुम्हीच आणणार, बाबा?"

"मी नाही तर दुसरा आणील."

"मग दुसऱ्यानं आणू दे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. परवा दुपारी तिसरीचा वर्ग आहे. तो होणार."

आईनं फडकं भांड्यात टाकलं. "हिला कुणी जन्माला घातलं तेच कळत नाही," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

ठरल्या दिवशी ट्रॅक्टर शाळेच्या आवारात आला. ट्रॉलीत पोती, पोत्यांवर हमाल. हवा इतकी कोंदली होती की झाडाचं पान हलत नव्हतं. पश्चिमेकडे ढग उभे राहिले होते आणि मुकादम सारखा तिकडे बघत होता.

"चला, चला. पैलवान, तू सुरुवात कर. तुझ्या घरचीच खोली."

बापानं डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेतली आणि ट्रॉलीला पाठ लावली. वरच्या दोघांनी पोतं सरकवून त्याच्या पाठीवर दिलं. तो निघाला. पोतं पाठीवर असलं की माणसाला पुढचं दिसत नाही. दिसते ती आपल्या पायांपुढची तेवढीच जमीन. मैदानाची माती दिसली, मग व्हरांड्याची पायरी, मग फरशी. मग चपला दिसल्या. खोलीच्या दाराबाहेर लहान लहान चपला ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या. त्यांत धाकटीची होती, तारेनं सांधलेल्या पट्ट्याची. तार त्यानंच घातली होती.

तो चपलांपाशी थांबला. चपला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं आणि पोतं घेऊन पाय तेवढा उचलत नव्हता.

आतून थोरलीचा आवाज येत होता. "घाई नको. आधी 'प' शोध. सापडला? मग त्याला काना."

"बाजूला हो गं," बाप म्हणाला. त्याचा आवाज पोत्याखालून दबलेला आला.

तिचे पाय उंबऱ्याशी आले. तेवढेच त्याला दिसले.

"वर्ग चालू आहे, बाबा. संपला की या."

"पोतं पाठीवर आहे माझ्या."

"दिसतंय मला."

तिचे पाय हलले नाहीत. बाप उभा राहिला. मान दुखायला लागली. घाम कपाळावरून नाकावर आणि नाकावरून फरशीवर ठिपकायला लागला. मागून मुकादम ओरडत होता, काय झालं, काय झालं. आत कुणीतरी बारक्या आवाजात म्हणालं, "ताई, काना दिला," आणि थोरली उंबऱ्यावरूनच म्हणाली, "छान. आता पुढचं."

बाप मागे फिरला. पायरी उतरला, मैदानात आला, गुडघे वाकवून त्यानं पोतं जमिनीवर सोडलं आणि त्याच्यावर बसला. इतक्या वर्षांत त्यानं पोतं मध्येच टेकवलेलं कुणी बघितलं नव्हतं.

मुकादम धावत आला. "पैलवान, काय रे? पाठ धरली का?"

"वर्ग चालू आहे."

"मग?"

"मग संपू दे."

मुकादमाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं एक शिवी हासडली, स्वतः ट्रॉलीला पाठ लावली आणि वरच्यांना म्हणाला, "द्या रे इकडे. मी नेतो." पोतं पाठीवर चढवायला मागून हात लागतात. वरचे हमाल एकमेकांकडे बघत बसले. एकानं विडी काढली, दुसऱ्यानं काडी दिली. मुकादम बराच वेळ पाठ वाकवून तसाच उभा राहिला, मग सरळ झाला. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

तो तरातरा व्हरांड्यात गेला. भिंतीवरच्या फळीवर खोलीचा फ्यूज होता. तो त्यानं उपटला आणि खिशात टाकला. आतले पडदे एकदम काळे झाले. पंखा गरगरत मंदावला. पोरं ओरडली.

"झालं. संपला वर्ग," मुकादम दारातून म्हणाला. "उठा."

थोरली काळ्या पडद्यांकडे बघत राहिली. बोलला तो ढापण्या.

"कुणी उठायचं नाही," तो म्हणाला. "दिवे गेले म्हणून बटणं जागेवरून हललीत का? बोटं ठेवा. मी शब्द सांगतो, तुम्ही टाका. पडद्याकडे बघून सगळ्यांनाच येतं." त्यानं हात पाठीमागे बांधले. "पाटी."

पोरांनी बोटं ठेवली. बंद यंत्रांची बटणं वाजायला लागली. आधी एक-दोन, चाचरत, मग सगळीच.

"गवत," थोरली म्हणाली. "कपाट."

बाहेर मैदानात बाप पोत्यावर बसून ऐकत होता. हमालही ऐकत होते. मुकादम खिशातल्या फ्यूजवर हात ठेवून दारात उभा होता आणि आता काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

मालकाची जीप आली तेव्हा ढग डोक्यावर आले होते. त्यानं काय झालं ते ऐकून घेतलं आणि पैलवानासमोर येऊन उभा राहिला. पैलवान उठला.

"उद्यापासून तू यायचं नाही," मालक शांतपणे म्हणाला. "बायकोलाही सांग."

"बरं," बाप म्हणाला.

लांबवर गडगडलं. मुकादम म्हणाला, "मालक, ट्रॉली उघडी आहे. ठरवा लवकर."

हमालांत एक म्हातारा होता, पायांनी फेंगडा, सगळ्यांत जुना. तो ट्रॉलीवरूनच म्हणाला, "बंगल्यावर न्यायची असतील तर आत्ता नेतो, मालक. एक दाणा भिजू देणार नाही. इथं काही आज जमेल असं दिसत नाही."

मालकानं आभाळाकडे बघितलं, खोलीकडे बघितलं. दारातल्या चपला आणि मागची टकटक. मोठे सर व्हरांड्याच्या खांबाआड उभे होते; मालकाची नजर वळताच ते आणखी आड झाले. पहिला थेंब जीपच्या टपावर वाजला.

"बंगल्यावर न्या," मालक म्हणाला. त्याला ते शब्द थुंकल्यासारखे टाकावे लागले.

ट्रॅक्टर सुरू झाला. बापानं मैदानातलं आपलं पोतं उचलून ट्रॉलीत दिलं आणि स्वतःही वर चढला.

"तू कुठं?" मुकादम म्हणाला.

"आजचा दिवस अजून माझा आहे."

पाऊस जोरात यायच्या आत त्यांनी ती खेप टाकली, आणि मग भर पावसात, ताडपत्रीखाली, गोदामातली उरलेली पोतीही. बंगल्याच्या पांढऱ्या फरशीवर चिखलाची पावलं उमटली. मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. बापानं त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त पोती वाहिली. मका वाचला.

दुसऱ्या दिवशी त्याला आणि आईला गोदामाच्या फाटकातूनच परत पाठवलं. बाकीचे हमाल कामाला लागले. कुणी त्याच्याबरोबर उठून आलं नाही आणि त्यानंही कुणाकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर आईनं दाभण कोनाड्यात ठेवलं आणि मग ती बोलली. "पोरीनं बोलून दाखवलं. तुम्ही पोतं टाकून दाखवलं. मला कुणी विचारलं? माझंही काम होतं ना तिथं? दोघांनी मिळून पराक्रम केला आणि माझ्या हातातलं गेलं."

थोरली म्हणाली, "आई, चुकलं ते एवढंच. तुला विचारायला हवं होतं."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

थोरली म्हणाली, "तरी वर्ग घेतला असता."

"तेच तर," आई म्हणाली आणि तिनं तिच्याकडे पाठ केली.

पलीकडच्या गावाच्या वाटेवर कालव्याचं खोदकाम चालू होतं. दोघं तिथं लागली. जमीन मुरमाड, टिकाव मारला की ठिणगी उडायची. बापाच्या पाठीला ओझ्याखाली वाकायची सवय होती, टिकाव मारून वर उठायची नव्हती. दुपारपर्यंत तो कमरेवर हात ठेवून वाकडा व्हायचा. आई घमेल्यात माती भरून काठावर नेऊन टाकायची. पहाट फुटली की थोरलीही त्यांच्याबरोबर जायची, शाळेच्या वेळेपर्यंत माती वाहायची आणि तिथूनच शाळेत पळायची. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. वर्गात ती माऊस धरायची तेव्हा चेहरा आकसून घ्यायची.

संगणकाच्या खोलीला फ्यूज नव्हता. मुकादमानं तो परत केलाच नाही. दोन दिवस पोरं बंद यंत्रांवरच बोटं चालवत होती. तिसऱ्या दिवशी खोलीत आली तर पंखा फिरत होता. मोठ्या सरांनी स्वतःच्या खोलीचा फ्यूज काढून इथं बसवला होता. ते आपल्या खोलीत बंद पंख्याखाली बसले होते, सदऱ्याची वरची गुंडी सोडून, वर्तमानपत्रानं वारा घेत. थोरली दारात जाऊन उभी राहिली तर म्हणाले, "काय आहे? हात धुतले का?"

मालकानं त्यांना निरोप धाडला होता, खोलीला कुलूप लावा म्हणून. सरांनी उलट निरोप धाडला, आदेश लेखी मिळाल्यास ताबडतोब कार्यवाही करण्यात येईल. शाळेची खोली मक्यासाठी हवी असं कुणी लिहून देणार नव्हतं, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्या एका वाक्यासाठी त्यांनी सगळी हिंमत गोळा केली होती. शिपायाच्या हाती निरोप दिल्यावर ते बराच वेळ पाणी पीत होते.

कालव्यावर काम वाढलं. खडक लागला, माणसं कमी पडायला लागली. ठेकेदार म्हणाला, तुमच्या पोरीला पूर्ण दिवस आणा. आई त्या दुपारी माती टाकून तशीच शाळेकडे निघाली. अंगावर मुरमाची धूळ, पायांत चपला नाहीत. थोरलीला बाहेर बोलवायचं आणि सांगायचं, आता महिना दोन महिने शाळा पुरे, असं ती वाटभर मनाशी घोकत होती.

खोलीची खिडकी उघडी होती. आत थोरली एका बारक्या पोराच्या मागे उभी होती. पोराला काहीतरी सापडत नव्हतं. तो बटणांवर बोट फिरवायचा, थांबायचा, मान वर करून तिच्याकडे बघायचा. त्याचे कान लाल झाले होते. थोरली हात पाठीमागे बांधून उभी होती. खिडकीतून आईला फक्त ते हात दिसत होते; एक हात दुसऱ्याला घट्ट धरून होता, इतका की फुटलेल्या फोडातून पाणी आलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी ती पुढे वाकू शकली असती, बोट ठेवून दाखवू शकली असती. ती वाकली नाही. "आहे तिथंच आहे," ती म्हणत होती. "पळून नाही गेलं. बघ."

पोरानं परत पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. आईही श्वास धरून बघत राहिली. मग एक बटण वाजलं आणि पोर खुर्चीतल्या खुर्चीत उडालं.

आई नळावर जाऊन पाणी प्यायली, तोंडावर मारलं आणि परत फिरली.

"आली नाही?" बापानं चरातून विचारलं.

"नाही."

"काय म्हणाली?"

"मी विचारलंच नाही," आई म्हणाली आणि तिनं घमेलं पुढे केलं. "भरा. बघताय काय?"

नवे पत्रे आले, गोदाम झालं आणि मक्याची मोठी उचल सुरू झाली. ट्रक रांगेत उभे राहिले. न टेकता चालणारा माणूस मालकाला आता आठवला. एका सकाळी त्याची जीप कालव्याच्या काठाला येऊन थांबली, अगदी मातीच्या ढिगापाशी. मालक उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "पैलवान, वर ये."

बाप चरातून वर आला नाही. टिकावाच्या दांड्यावर हात ठेवून त्यानं मान वर केली. "बोला, मालक."

"झालं गेलं मी धरून ठेवत नाही. उद्यापासून या दोघं. पोती शिवायलाही बाई लागतेच आहे. फक्त एक कर. पोरीला शाळेत सगळ्यांसमोर म्हणू दे, चुकलं म्हणून. दोन शब्द. समितीचा अध्यक्ष आहे मी, माझा काही मान राहायला नको का?"

बापानं ओठांवरून जीभ फिरवली. ऊन वर यायला लागलं होतं, पाठ आताच दुखत होती आणि गोदामात निदान सावली होती. त्यानं बायकोकडे बघितलं. ती भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन चढण चढत होती. ती वर आली आणि जीपच्या खिडकीसमोर उभी राहिली. ओझ्यामुळं तिची मान ताठ होती, त्यामुळं ती मालकाकडे सरळ बघत होती.

"ती दुपारी शाळेत असते," आई म्हणाली. "काय सांगायचं ते तिलाच जाऊन सांगा. पण वर्ग चालू असला तर बाहेर थांबावं लागतं."

मालकानं तिच्या बाजूनं वाकून चराकडे बघितलं. "पैलवान, समजाव हिला."

"तिनं सांगितलं ना," बाप म्हणाला. त्यानं तळहातांवर थुंकून हात चोळले आणि टिकाव उचलला.

"आणि जरा जीप पुढे घ्या," आई म्हणाली. "इथं माती टाकायची आहे."

ती डोक्यावर घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. जीप घुरघुरली आणि पुढे सरकली. चाकं होती तिथं तिनं माती ओतली आणि रिकामं घमेलं घेऊन ती खाली उतरली.